जहाज कोपनहेगनचं, पण धक्का कोणता?

हा रिव्ह्यू जहाजाचा नाही. जहाजावरचं जेवण, नाचगाणी, पोहायचा तलाव यावर लिहिणारे ढीगभर आहेत. मी लिहितोय ते जहाजाच्या अलीकडच्या तीन आणि पलीकडच्या तीन रात्रींबद्दल, आणि त्या आखून देणाऱ्या नागपूरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसबद्दल. ऑफिसचं नाव लिहीत नाही. धरमपेठेत पहिल्या मजल्यावर आहे म्हटलं तरी कोणाला ओळखू येणार नाही, तिथे दर चौथ्या जिन्यावर असं एक ऑफिस आहे. आणि आमचं काम पाहणारा पोरगा मनाने भला होता. त्याची नोकरी घालवायची नाही मला.

माझी ओळख एवढीच की मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात एकतीस वर्षं कंट्रोलमध्ये काढली. कंट्रोल म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कानाला हेडफोन, समोर चार्ट, चार्टवर प्रत्येक गाडीची तिरकी रेघ, आणि कोणती गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकायची नि कोणती पुढे काढायची याचा निर्णय. या कामाने माणसाला एक खोड लागते. प्रवासाचा कागद हातात आला की मी गावांची नावं वाचत नाही, दोन रेघांच्या मधली मोकळी जागा वाचतो. बायको म्हणते, "तुम्ही फिरायला नाही जात, ड्यूटीवर जाता."

मंडळी चार. मी, ही, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. दादा सत्तरीचा, वहिनींचा उजवा गुडघा कुरकुरणारा. जून २०२४. कोपनहेगनहून स्टॉकहोमपर्यंत सात रात्रींची क्रूझ, वाटेत पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड. पूर्वी या फेरीचा मुकुटमणी सेंट पीटर्सबर्ग असायचा. २०२२ पासून क्रूझवाल्यांनी तो गाळला. दादाला त्याची हळहळ होती, मला नव्हती. एक व्हिसा कमी.

ऑफिसातल्या पोराने पहिला आराखडा दिला तो असा: १४ जूनला सकाळी कोपनहेगनला विमान उतरणार, दुपारी जहाजात चढायचं, संध्याकाळी जहाज सुटणार. "काका, हॉटेलचा एका रात्रीचा खर्च वाचून राहिला ना." मी कागद तसाच परत सरकवला. त्याला म्हटलं, बेटा, दोह्याला एक विमान बदलायचं, त्यात चार माणसं आणि सहा बॅगा, आणि तू मधे रिकव्हरी टाइम, म्हणजे उशीर भरून काढायला मोकळा वेळ, किती ठेवलास? तीन तास. आपल्याकडे गाडी लेट झाली तर पुढच्या जंक्शनला मेळाची गाडी दहा मिनिटं धरून ठेवता येते, मीच कितीदा धरली आहे. जहाज कोणासाठी धरत नाहीत. सुटण्याच्या तासभर आधीच दार बंद होतं, आणि मग स्वतःच्या पैशाने पुढचं बंदर गाठा.

हे मी हवेत नव्हतो बोललो, ते पुढे जहाजावर कळलं. इंदूरचं एक जोडपं भेटलं, त्याच दिवशी सकाळी उतरलेलं. माणसं पोचली, एक बॅग पोचली नाही. जहाज रोज नवीन देशात, बॅग मागून मागून. बिचारे काका चार दिवस जहाजावरच्या दुकानातल्या एकाच टी-शर्टवर होते.

तर आम्ही ११ जूनच्या पहाटेच निघालो. नागपुरात सोनेगावच्या विमानतळावर रात्री दोन वाजतासुद्धा अंगाला घाम फुटत होता, आणि त्याच दिवशी दुपारी कोपनहेगनला उतरलो तर वाऱ्याने कानटोपी आठवली. घड्याळ साडेतीन तास मागे. हा साडेतीनचा आकडा लक्षात ठेवा, कारण एजंटला फोन करायचा असेल तर तिथल्या सकाळी नऊला इथे साडेबारा वाजलेले असतात आणि तिथले दुपारचे चार म्हणजे इथे ऑफिसला कुलूप.

व्हिसाबाबत मात्र ऑफिसला पैकीच्या पैकी. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. मुक्काम सारखा असेल तर जिथे पहिलं पाऊल पडेल तिथे. आमच्या डेन्मार्कमध्ये तीन रात्री, स्वीडनमध्ये तीन रात्री, म्हणजे बरोबरी, म्हणजे डेन्मार्क. पोराने हे बोटावर मोजून सांगितलं, मला शिकवावं लागलं नाही. फायली इतक्या नीट लावल्या होत्या की मुंबईला अंगठे द्यायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी एक कागद परत मागितला नाही. विमा माणशी ३०,००० युरोच्या वरचा हवा, तो होता. फी तेव्हा ८० युरो होती. आम्ही निघालो त्याच दिवसापासून, ११ जूनपासून, ती ९० झाली. आयुष्यात पहिल्यांदा भाववाढीच्या आधी काही केलं.

विमानतळ ते हॉटेल यासाठी ऑफिसने व्हॅन सुचवली होती, मी घेतली नाही. कास्ट्रुप विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, मुख्य स्टेशन पंधरा मिनिटांवर. तिकीट तेव्हा माणशी तीस-चाळीस क्रोनरच्या घरात होतं, आणि डॅनिश क्रोनर म्हणजे तेव्हा आपले बारा-साडेबारा रुपये. एक सांगून ठेवतो: डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे तिघांचेही क्रोनर वेगवेगळे, एकमेकांत चालत नाहीत, आणि युरोही नाही. आम्ही नोटा बदलून नेल्या आणि तशाच परत आणल्या. सगळीकडे कार्ड. सार्वजनिक संडासालासुद्धा कार्ड.

हॉटेल स्टेशनच्या मागल्या अंगाला, वेस्टरब्रोच्या बाजूला. हा भाग पूर्वी बदनाम होता म्हणतात, अजूनही रात्री थोडी गंमत दिसते. वहिनी खिडकीतून पाहून म्हणाल्या, "गंगाजमुनाच आणून ठेवलं की भाऊजी तुम्ही." नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांनी आमच्याकडची बदनाम वस्ती समजावी. पण स्टेशनपासून चालत चार मिनिटं, आणि सामान ओढणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख नाही. खोली लहान. म्हणजे अशी की एक बॅग उघडली तर दुसरी बंद ठेवावी लागते. लिफ्टमध्ये दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग. पलंग डबल, पण त्यावर दुलया दोन, सुट्या सुट्या, घडी घालून ठेवलेल्या. आम्हाला वाटलं खोली चुकली, दोन सिंगल दिल्या. खाली जाऊन विचारलं तर काउंटरवरची मुलगी हसली. तिथे नवराबायको एका पलंगावर आपापली दुलई घेऊनच झोपतात. बायकोने तिथल्या तिथे निकाल दिला की संपूर्ण युरोपात शहाणपणाची हीच एक गोष्ट पाहिली. घरी आल्यावर तिने ती लागूही केली आहे.

नाश्ता उत्तम. काळ्या राईचा जड पाव, चीज, उकडलेली अंडी, फळं. पाव सुरुवातीला भुशासारखा लागतो, तिसऱ्या दिवशी आवडायला लागतो. वहिनींनी जवसाची चटणी आणि ठेचा आणला होता. तुपाची बरणीही निघाली होती, ती मी नागपुरातच काढून ठेवली. दूध-मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत. चटणीला कोणाची हरकत नाही. त्या काळ्या पावावर लोणी, वर जवसाची चटणी. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन म्हाताऱ्याने हे काय म्हणून विचारलं, वहिनींनी त्याला चमचाभर दिली, आणि दुसऱ्या दिवशी तो आपली बशी घेऊन आमच्याच टेबलावर.

एका खोलीचे रात्रीला ऑफिसने साडेएकोणीस हजार लावले. तीच खोली त्याच तारखांना मी नंतर स्वतः पाहिली तर सोळाच्या आसपास. तीन-साडेतीन हजार माणूस ठेवतो मधे, त्याला मी नाव ठेवत नाही. पण मग त्या पैशात धक्क्याचं नाव तरी बरोबर सांग.

आता त्याच मुद्द्यावर येतो.

निघायच्या तीन आठवडे आधी सगळे कागद घरी आले आणि मी ते जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो. ऑफिसच्या व्हाउचरवर लिहिलेलं: हॉटेल ते कोपनहेगन क्रूझ टर्मिनल, लांगेलिनी. जहाजाच्या तिकिटावर नुसतं कोपनहेगन. आता कोपनहेगनला क्रूझ जहाजं एकाच जागी लागत नाहीत. लांगेलिनीचा धक्का जुना, गावाला लागून, जलपरीच्या पुतळ्यापासून जवळ. पण मोठी जहाजं बहुतेक ओशनकायला लागतात, तो नवा धक्का उत्तरेला, नोरहाउनमध्ये, समुद्रात भराव घालून केलेला. कोणत्या तारखेला कोणतं जहाज कुठे, याची यादी बंदरवालेच जाहीर करतात, जहाजाच्या नावानिशी. मी पाहिली. आमचं जहाज ओशनकायला.

फोन केला. पोरगा म्हणाला, "काका, कोपनहेगन पोर्ट म्हणजे कोपनहेगन पोर्टच ना जी. ड्रायव्हरले माहीत राहते." मी म्हटलं, "अरे बावा, उद्या मी तुला म्हटलं नागपूरहून गाडी आहे, तर तू कुठे जाशील? मेन स्टेशनला, अजनीला की इतवारीला?" तो हसला. त्याचं सासर गोंदियाचं, इतवारीचा अनुभव असावा. "कळवतो काका," म्हणाला. कळवलं की नाही, पुढे येतं.

त्याच बैठकीत दुसरी रेघ तपासली आणि तिथे तर गाडीच रुळावर नव्हती. व्हाउचरवर होतं: स्टॉकहोम, स्टाड्सगोर्डेन धक्का ते हॉटेल, कार, अंतर तीन किलोमीटर. जहाजाच्या तिकिटावर मोठ्या अक्षरात स्टॉकहोम आणि खाली मुंगीच्या अक्षरात नीनेसहाम्न. नीनेसहाम्न हे स्टॉकहोम नाही. ते स्टॉकहोमच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवरचं वेगळं गाव आहे. स्टॉकहोमसमोर हजारो बेटांची दाटी आहे, त्यातून वळणं घेत आत यायला जहाजाला काही तास लागतात आणि फार मोठ्या जहाजांना ते सोयीचं नसतं. म्हणून ती बाहेरच, नीनेसहाम्नला थांबतात. विकताना मात्र स्टॉकहोमच. बुटीबोरीला उतरवून नागपूर आलं म्हणण्यासारखं आहे, फक्त बुटीबोरीच्या दुप्पट लांब.

म्हणजे आम्ही नीनेसहाम्नला उतरून कोणाची तरी वाट पाहत बसलो असतो आणि आमचा ड्रायव्हर साठ किलोमीटरवर पाटी धरून उभा. यावर मात्र पोरगा गप्प झाला. दोन दिवसांनी फोन आला: नीनेसहाम्नहून कार, चार माणसं सहा बॅगा, चोवीस हजार रुपये. मी म्हटलं रद्द कर. नीनेसहाम्नला रेल्वे स्टेशन आहे, स्टॉकहोमची लोकल थेट जाते, आणि स्टॉकहोमच्या शहर वाहतुकीचं साधं तिकीटच तिथवर चालतं, पंचाहत्तर मिनिटांचं, चाळीसेक स्वीडिश क्रोनर. चौघांचे मिळून तेराशे-साडेतेराशे रुपये. चोवीस हजार कुठे आणि हे कुठे! मी फार खूष होतो त्या दिवशी. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो, पुढे लागेल.

कोपनहेगनचे तीन दिवस छान गेले. मेट्रोला ड्रायव्हर नाही, त्यामुळे सगळ्यात पुढच्या काचेपाशी बसता येतं आणि बोगदा अंगावर येतो. मी आणि दादा, मिळून एकशे तेहेतीस वर्षांचे, ती जागा मिळावी म्हणून दोन गाड्या सोडल्या. जलपरी पाहिली, सव्वा मीटरची आहे, वहिनींना ती नागपुरातल्या बर्डीवरच्या एखाद्या पुतळ्याएवढी वाटली होती. राष्ट्रीय संग्रहालयात तरंगंबाडीच्या वस्तू शोधा. तमिळनाडूतलं ते गाव १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कचं होतं हे मला साठी उलटल्यावर कळलं.

पण माझ्या मते कोपनहेगनात मुक्काम असेल तर एक गोष्ट करायलाच हवी आणि ती कोणत्याही एजंटच्या कागदावर नसते: गाडीत बसून पूल ओलांडून स्वीडनच्या माल्मोला जाऊन या. चाळीसेक मिनिटं. २००० साली हा पूल सुरू झाला. वर मोटारी, खाली रेल्वे. डेन्मार्कच्या बाजूने जाताना आधी समुद्राखालचा चार किलोमीटरचा बोगदा, मग माणसांनी घातलेलं एक बेट, मग जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल. पूर्ण पूलच का नाही, तर विमानतळ शेजारी आहे, मनोरे विमानांना आडवे आले असते. बेटाचं नाव पेबरहोल्म, म्हणजे मिरीबेट, कारण शेजारचं जुनं बेट साल्टहोल्म, म्हणजे मीठबेट. इंजिनिअर लोकांनी केलेला एवढा बरा विनोद मी दुसरा ऐकला नाही. पासपोर्ट जवळ ठेवा, स्वीडनच्या बाजूला तपासायला येतात.

१३ तारखेला दुपारी, बायका तिवोली बागेत बसल्या असताना, मी ट्रायल रन घेतली. मुख्य स्टेशनावरून एम-४ मेट्रो, शेवटचं स्टेशन ओरिएंटकाय. तिथून धक्का दीड-दोन किलोमीटर, बस असते. चालत गेलो. दोन्ही बाजूंना बांधकामं, मोकळी मैदानं, वारा असा की चष्मा धरून चालावं लागलं. तरुण असाल आणि एक-एक बॅग असेल तर हाच रस्ता घ्या, व्हॅनची गरज नाही. वहिनींचा गुडघा आणि सहा बॅगा असतील तर व्हॅन.

१४ ला साडेअकराला व्हॅन आली. गाडी स्वच्छ, ड्रायव्हर सभ्य, सामान स्वतः चढवलं. सहज म्हणून मी विचारलं, कुठे? त्याने फोन दाखवला. लांगेलिनी. म्हणजे धरमपेठेतलं "कळवतो" धरमपेठेतच राहिलं होतं. मी त्याला यादीचा फोटो दाखवला, तो म्हणाला ओशनकाय, बरोबर, आणि वळला. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी असं होतं म्हणे. एक-दोनदा त्याने लोकांना भलत्याच जहाजासमोर उतरवलं होतं आणि ते रांगेतही उभे राहिले होते. आमचं काही बिघडलं नाही. वीस मिनिटांत पोचलो, बॅगा दारात दिल्या, चढलो. पण मी विचारलं नसतं तर? आणि प्रत्येक घरात एक निवृत्त कंट्रोलर असतो का?

जहाजाचे सात दिवस सोडून देतो. एस्टोनियातलं टाल्लिन आवडलं. बाकी खाणं.

२१ जून, शुक्रवार, सकाळी नीनेसहाम्न. ऊन स्वच्छ, गाव लहान, लाकडी घरं लाल-पिवळी. आणि इथून माझी फजिती सुरू होते. नकाशावर स्टेशन जवळ दिसत होतं. नकाशाला गुडघा नसतो. सहा बॅगा, चार माणसं, वीसेक मिनिटांची चाल, त्यात एक चढ. दादाने दोन बॅगा घेतल्या, मी तीन. वहिनी दर शंभर पावलांना थांबायच्या आणि आजूबाजूची फुलं पाहत असल्याचं दाखवायच्या. स्टेशनात पोचलो तर समोरून गाडी सुटली. सणाच्या दिवसाचं वेळापत्रक होतं, पुढच्या गाडीला बराच वेळ.

सण? कसला सण?

मिडसमर. स्वीडनमध्ये १९ ते २५ जूनच्या मधे येणारा शुक्रवार हा मिडसमरचा पूर्वदिवस, आणि सगळा देश तो आपल्या दिवाळीसारखा पाळतो. फरक एवढाच की आपल्याकडे दिवाळीत बाजार उघडे असतात. तिथे लोक शहर सोडून खेड्यावर, समुद्रकाठी जातात आणि शहर ओस. ही तारीख कॅलेंडरात छापलेली असते. मी गाड्यांची, धक्क्यांची, घड्याळांची सगळी तपासणी केली आणि सण पाहिला नाही. एकतीस वर्षं होळी-दिवाळी स्पेशलचे चार्ट काढलेला माणूस! ऑफिसनेही सांगितलं नाही, पण हा दोष मी माझ्याकडे घेतो. निम्मा तरी.

दुपारी स्टॉकहोमला हॉटेलात पोचलो. खोली तीनला मिळते, सामान ठेवून घेतलं. जेवायला बाहेर पडलो तर एकामागून एक दारावर चिकटवलेली चिठ्ठी. दादाला थंडगार बिअरची बाटली खोलीवर न्यायची होती. स्वीडनमध्ये तेव्हा हलकी बिअर सोडली तर बाटली फक्त सरकारी दुकानात मिळायची, सिस्टेमबोलागेट, आणि ते दुकान त्या दिवशी बंद, दुसऱ्या दिवशी बंद, आणि रविवारी तर कायमच बंद. दादा त्या काचेसमोर असा उभा होता जसा गांधी जयंतीला वर्ध्याच्या पाहुण्याकडे आला असावा. वर्धा जिल्हा रोजच कोरडा आहे हे त्याला आठवून दिलं, तर अजून चिडला.

रात्रीचं जेवण म्हणजे स्टेशनातल्या दुकानातले पाव, दही, काकड्या आणि वहिनींची उरलेली चटणी. हॉटेलच्या खोलीत पलंगावर पेपर पसरून. रात्री दहा वाजता बाहेर चक्क ऊन. पडदे जाड आहेत का हे बुकिंगच्या वेळी विचारा, विनोद नाही, साडेतीनला पुन्हा उजाडतं.

पण त्या सणानेच भरपाईही केली. संध्याकाळी हॉटेलच्या मुलीने सांगितलं म्हणून यूरगोर्डेन बेटावर स्कान्सेनला गेलो होतो. १८९१ साली सुरू झालेलं उघड्यावरचं संग्रहालय, देशभरातली जुनी घरं उचलून आणून मांडलेली. तिथे पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा केलेला, त्याभोवती आजोबा-आजी-नातवंडं हात धरून फेर धरत होती, मधेच सगळी खाली बसून बेडकासारखी उड्या मारत होती. बायको आणि वहिनी पाच मिनिटं पाहत राहिल्या. मग वहिनींनी पर्स माझ्या हातात दिली आणि दोघी फेरात. भुलाबाईच्या वेळचे पाय, विसरले नव्हते. गुडघा कुठे गेला होता देव जाणे.

दुसरा दिवस व्हासा जहाजाला दिला. १० ऑगस्ट १६२८ ला हे जहाज स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्यांदा निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता बुडालं. १९६१ ला वर काढलं, आज ते अख्खं एका इमारतीत उभं आहे, काळंभोर, अंगावर शेकडो कोरीव मूर्ती. वरचा भाग जड, अंग अरुंद, वाऱ्याचा झोत आला, कलंडलं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं. पण मला खिळवून ठेवलं ते चाचणीच्या गोष्टीने. निघायच्या आधी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून पाहिलं होतं. तीन फेऱ्यांत जहाज इतकं हेलकावलं की पळणं थांबवावं लागलं. आणि तरी जहाज सोडलं, कारण राजाला घाई. चौकशी झाली, शिक्षा कोणालाच नाही. मी त्या फलकासमोर बराच वेळ होतो. दादा म्हणाला, "चल, का इथेच रिपोर्ट लिहून राहिला?"

परतीचं ऑफिसने चोख केलं, हे लिहायलाच हवं. आर्लांडा विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटर. वेगाची गाडी वीस मिनिटांच्या आत नेते पण माणशी तीनशेच्या वर क्रोनर. पोराने विमानतळ बसची तिकिटं काढून दिली होती, पाऊण तास, सामान पोटात. कोणत्या फलाटावरून सुटते ते नकाशावर खूण करून पाठवलेलं, परतीच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आठवणही. म्हणजे जमतं त्याला. शिकवणारं कोणी नाही.

नागपूरला आल्यावर रद्द केलेल्या स्टाड्सगोर्डेनच्या कारचे अकरा हजार मागितले. सात आठवडे लागले, पण पूर्ण मिळाले. ऑफिसला पाचपैकी तीन तारे. व्हिसा आणि परतीला पाच, हॉटेलांना चार, धक्क्यांना शून्य. त्यांच्याकडे जाणार असाल तर जा, पण शहराचं नाव ऐकून मान डोलवू नका. धक्क्याचं नाव, जहाजाच्या तारखेसकट, व्हाउचरवर लिहून घ्या, आणि त्या देशाचं कॅलेंडर स्वतः उघडा.

पोरगा परवा घरी येऊन गेला, पेढे घेऊन, मुलगी झाली त्याला. नॉर्वेच्या खाड्यांची नवी क्रूझ आहे म्हणाला, बर्गेनला एक रात्र, ओस्लोहून बर्गेनला रेल्वेने, सात तास, डोंगरातून. माझे कान टवकारले. आतून वहिनींचा आवाज आला, "वेळापत्रक भाऊजी पाहतील. स्टेशनापासून हॉटेलापर्यंत गाडी कुठली करायची ते मी पाहीन, आणि चोवीस हजार म्हणाला तर चोवीस हजार."